मागच्या खोलीची कडी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बारक्या,

बावीस वर्षांत तुला हे पहिलं पत्र. रीतीप्रमाणे आधी ख्यालीखुशाली विचारायला हवी, पण नाही विचारत. थंडी पडली की तू तो राखाडी स्वेटर पार्सलनं पाठवतोस, त्यावरून तू जिवंत आहेस हे कळतं. कुठलं कोपर झिजलंय त्यावरून कुठल्या हातावर भार टाकून काम करतोस तेही कळतं. आत चिठ्ठी नसते. मी रफू करते आणि चिठ्ठी न घालताच परत पाठवते. आपलं बरं चाललं होतं. यंदाचाही स्वेटर आलाय, फळीवर पडून आहे, अजून हात लावलेला नाही. का, ते सांगायलाच बसलेय.

काल दुपारी तीनला आपल्या गल्लीतल्या सगळ्या कड्या पडल्या. एकदम, खट् करून. चष्मेवाल्याची कपाटं उघडली, शाळेचं फाटक उघडलं, काउंटरवर उभ्या असलेल्या बाईंच्या पर्सचं बक्कल सुटून चिल्लर माझ्या पायाशी घरंगळली. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचा पोपट पिंजऱ्यातून बाहेर येऊन खिडकीत बसला, उडाला मात्र नाही. लोक हसले, कड्या परत लावल्या, आणि आपापल्या कामाला लागले.

आपल्या दुकानातली मागच्या खोलीची कडीही पडली. तिथे आता धुणं होत नाही. लोकांनी टाकलेले आणि कधीच न नेलेले कपडे मी तिथे लटकवून ठेवते. दार आपोआप उघडलं आणि माझ्या पाठीमागून एक म्हातारा काउंटरवर आला. मागच्या बाजूनं आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण तुला काय सांगायचं, त्या खोलीला दुसरं दारच नाही. म्हणून तर सगळं झालं.

त्यानं एक लांब तपकिरी कोट पुढे ठेवला. पाठीवर वीतभर फाटलेला. "रफू करून हवंय," म्हणाला. मी सवयीनं कोट उलटा केला, कोपरं बघितली. डाव्या कोपरावर जुनं रफू होतं, हिरव्या धाग्यानं, वेडंवाकडं, एका कडेला गोळा झालेलं. ते मी अकरा वर्षांची असताना केलेलं, माझं पहिलं. घरात तपकिरी धागा नव्हता म्हणून हिरवा घेतला होता, आणि बाबा तो कोट घालून गिऱ्हाइकांना कोपर दाखवत फिरायचे.

तो कोट बाबांबरोबर जळाला, बारक्या. राखेतली बटणं आपण दोघांनी ओळखली होती.

मी म्हटलं, "पुढच्या बुधवारी या."

"आठवडा कशाला?" म्हातारा म्हणाला. "दोन दिवसांचं काम आहे."

खरं होतं. दोनच दिवसांचं होतं. त्याच्या चेहऱ्याबद्दल आज लिहिणार नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे, एवढंच सांगते. आणि हेही सांगते की कड्या पडल्या तेव्हा मला आधी तूच आठवलास. कडीचं काम तुझं होतं.

— ताई

सोमवार, १० नोव्हेंबर

बारक्या,

पेट्रोलवाला गेला. आपल्याला डबे पुरवायचा तो. तेव्हा कपडे पेट्रोलनं धूत, आणि त्याचे डबे तळाला गळायचे. बाबांनी दोनदा तोंडावर सांगितलं, त्यानं दोन्ही वेळा हसून टाळलं. आता ऐंशीचा होता. शुक्रवारी सकाळी आंघोळीला गेला आणि बाहेरच आला नाही. घसरून पडला तर आत जाता यावं म्हणून मुलानं न्हाणीघराची कडी दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलेली. तरी दार उघडेना. भिंतीसारखं झालं होतं म्हणे. शेवटी पहार लावून तोडलं. म्हाताऱ्याच्या नाकातोंडात काजळी भरलेली, आणि शेजारी टांगलेला टॉवेल पांढराशुभ्र.

मला वाईट वाटलं नाही. लिहूनच टाकते, तुझ्यापाशी कसला साळसूदपणा.

शुक्रवारीच दुपारी तीनला कोट परत आला. बुधवारी नेलेला, पाठीवर धड केलेला, आता खांद्यावर उसवलेला. मी म्हटलं, "बसा, बाबा."

हो. पहिल्या क्षणीच ओळखलं होतं. आपले बाबा सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, हे अडुसष्टचे आहेत. भुवया नाहीत. हाताच्या कातडीवर एक सुरकुती नाही, इस्त्री फिरवल्यासारखे हात. अंगाला पेट्रोलचा वास. पण सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटून जीभ बाहेर काढतात ते तेच. मी चहा दिला तर कप हातात धरला आणि चहा पुन्हा उकळायला लागला. "ह्याची सवय झालीय," म्हणाले, आणि उकळता चहा पिऊन टाकला.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. समजायला मला तीन दिवस लागले, तुला कमी लागतील.

जिकडून ते आलेत तिकडेही हेच दुकान आहे, हीच गल्ली, आपणच चौघं. बाबांचा तो नियमही तोच: धुणारा मागच्या खोलीत गेला की बाहेरून कडी लावायची, म्हणजे कुणी गिऱ्हाईक पेटती सिगरेट घेऊन आत शिरणार नाही. बाहेर स्टुलावर एकानं बसायचं. आतून तीन ठोके आले की लगेच उघडायचं. तिकडेही आग त्याच दिवशी लागली. फक्त तिकडे त्या दिवशी आत बाबा नव्हते, मी होते. काउंटरवर बाबा होते. दार तोडून ते आत शिरले तेव्हा माझं काही उरलं नव्हतं, आणि त्यांना मात्र काही झालं नाही. त्या दिवसापासून त्यांना आग लागत नाही आणि कुठलंही दार त्यांना अडवत नाही.

तिकडे त्यांना राखणदार म्हणतात. बुडत्या बसमधून माणसं काढली, जळत्या इमारतीतून पोरं बाहेर आणली. तिकडची पोरं गळ्यात टॉवेल बांधून 'राखणदार' खेळतात म्हणे. मी हसले. तेही थोडे हसले. मग म्हणाले, "सगळ्यांना काढलं, तुला सोडून. तुझे तीन गुन्हेगार होते. तिघंही माझ्या हाताला लागायच्या आधीच मेले, एक झोपेत, एक म्हातारपणानं."

"आणि तिसरा?"

त्यांनी रिकामा कप पालथा घातला आणि म्हणाले, "ज्याला दार अडवत नाही त्याला कधीतरी ह्या बाजूचं दारही सापडतं. इकडे तिघंही जिवंत सापडले."

मी विचारलं, "पण बाबा, इकडे मी जिवंत आहे. मग सूड कुणाचा?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण दुसऱ्याच्या मुलीकडे बघतो. "तू चांगली आहेस. पण तू ती नाहीस," म्हणाले. ते मला लागलं. इतकं लागलं की पेट्रोलवाल्याबद्दल विचारायचं राहूनच गेलं.

कोट मी करून दिला. माझे बाबा काउंटरवर उभे राहून रफू मागतायत, नाही कशी म्हणणार?

— ताई

शनिवार, १५ नोव्हेंबर

बारक्या, हे पत्र मिळाल्या मिळाल्या तिथून निघ.

काल बंबवाले काका गेले. रिकामा बंब घेऊन आले होते ते, आठवतात ना, पाणी आणायला परत गेले ते. बेकरीसमोर, सकाळी दहाला, गाडीत बसले होते. चारही दारं उघडेनात. लोकांनी काचेवर दगड घातले, काचेला ओरखडा नाही. आतून ते काच ठोकत होते आणि पन्नास माणसं बाहेरून बघत होती. मीही होते. पाव घ्यायला गेले होते. तीन ठोके, थोडं थांबून तीन ठोके. मला उभं राहवेना. पाव तिथेच टाकून पळाले.

दुपारी बाबा आले, कोटाची एक बाही उसवलेली. मी म्हटलं, "आता पुरे. ही करणार नाही." ते काउंटरच्या आत आले, माझी सुई घेतली आणि स्वतःच करायला बसले. तुला ठाऊक आहे, आपल्या रफूला धागा बाहेरून आणत नाहीत. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून उपसायचा, म्हणजे रंग जुळतो आणि जोड दिसत नाही. कोटाची खालची दुमड संपत आलीय. त्यांनी मला विचारलं, "एका वेळेचा निघेल?"

"एका वेळेचा निघेल," मी म्हटलं. "मग पुन्हा फाटला की तुम्ही तिकडे परत कसे जाल? फाटक्या कोटानं ते मधलं दार ओलांडता येत नाही, तुम्हीच म्हणालात."

"परत कुणाला जायचंय?" म्हणाले. "तो कुठे राहतो?"

मी कानावर हात ठेवले. माहीत नाही म्हटलं, बावीस वर्षांत तोंड बघितलं नाही म्हटलं. ते उठले आणि फळीवरचा राखाडी स्वेटर खाली घेतला. अरे, मी किती मूर्ख. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आपण पत्त्याची पट्टी टाचतो, ही पद्धत कुणाची? त्यांचीच. तुझा स्वेटर आल्याबरोबर मी सवयीनं पट्टी टाचून ठेवली होती. त्यांनी कॉलर उलटून वाचली, घडी घालून स्वेटर परत ठेवला. घडीसुद्धा आपल्या बाबांची, बाह्या आत.

"येत्या गुरुवारी तीनला कोट न्यायला येतो," म्हणाले. "ही बाही तू पुरी कर. माझे हात आता जाड झालेत."

बारक्या, त्यांना दार अडवत नाही, तेव्हा कड्या-कुलपं लावत बसू नकोस. दुसऱ्या गावाला जा. पट्टीवरचा पत्ता सोड, एवढंच. तू तेव्हा चौदा वर्षांचा होतास. कडीचं काम तुझं होतं खरं, पण चौदा वर्षांच्या पोराला असं मारतात का कुणी?

— ताई

गुरुवार, २० नोव्हेंबर, सकाळ

तुझं कार्ड आज आलं. बावीस वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, अजूनही बाराखडी गिरवल्यासारखं. "येऊ देत त्यांना. दार उघडंच ठेवतो. तेव्हा बोललो नाही, आताही बोलणार नाही."

मी ते वाचलं आणि काउंटरखाली बसले.

म्हणजे तुला सगळं आठवतं. मला वाटायचं, पोर होता, धक्क्यात विसरला असेल. विसरला असशील अशी मी आशा करायचे, खरं तेच लिहिते. त्या दिवशी कडी तू लावलीस, पण स्टुलावरून तुला मी उठवलं. "जा खेळायला, मी बसते," म्हटलं. बंबवाल्यांनी विचारलं, दाराशी कोण होतं? मी म्हटलं, "कडीचं काम त्याचं आहे." शब्द न् शब्द खरा. तू माझ्याकडे बघितलंस आणि मूग गिळून गप्प राहिलास. पुढे आईनं तुझ्याशी बोलणं टाकलं तेव्हाही गप्प, घर सोडलंस तेव्हाही गप्प. आणि मी बावीस वर्षं तुझ्यावर रागावल्याचं नाटक केलं. रागावलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

पण एक गोष्ट तुलाही माहीत नाही. ती आधी त्यांना सांगते, मग तुला लिहिते. बाहीचे शेवटचे चार टाके मी मुद्दाम ठेवलेत. तीनला ते येतील.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

बारक्या,

काल तीनला ते आले. गल्लीतल्या कड्या पडल्या. लोकांना आता सवय झालीय, कुणी मान वर करूनही बघत नाही. त्यांनी हात पुढे केला. मी कोट मांडीवरच ठेवला.

"काय राहिलंय?"

"माझं बोलायचं राहिलंय," मी म्हटलं.

आणि सांगितलं. तुला पाठवलं ते सांगितलं. तुला का पाठवलं तेही. डॉक्टरीणबाईंचा निळा ड्रेस धुवायला आलेला, रेशमी, पाठीवर वीस हुक असलेला. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, असा बाबांचा सक्त नियम. बाबा आत, तू बाहेर. माझ्या मनात आलं, पाच मिनिटं. वर जाऊन आरशासमोर घातला. मला तो फार छान दिसत होता, बारक्या. एकोणीस वर्षांची होते. आणि खालून तीन ठोके आले.

ऐकू आले. हेच तुला माहीत नाही. मला अगदी स्वच्छ ऐकू आले.

मला वाटलं, धुणं झालंय, बाहेर यायचंय. अशी खाली गेले तर बाबा ड्रेस बघतील. म्हणून आधी हुक काढायला लागले. पाठीवरचे, एकटीनं. पुन्हा तीन ठोके आले. मी "एक मिनिट" असं ओरडले. मग वास आला. वीसपैकी सात हुक राहिले होते तेव्हा मी तशीच धावले, पण जिन्यातच धूर होता.

"त्यामुळे तुम्हाला ज्याचा पत्ता हवाय तो मुलगा नव्हताच तिथे," मी म्हटलं. "दाराशी मी होते. इकडच्या बाबांना मी मारलं. घ्या."

त्यांनी काउंटरवरचा माझा चहाचा कप उचलला, आणि चहा उकळायला लागला. मी भिंतीला पाठ लावून बसले होते आणि मला बेकरीसमोरची गाडी आठवत होती. ते म्हणाले, "तिकडे तू दाराशी नव्हतीस. तिकडे तू आत होतीस. तिकडे कडीचं काम त्याचं होतं."

माझं वाक्य, बारक्या. जसंच्या तसं, माझ्याच चालीत. बावीस वर्षं मी ते आईला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आरशाला सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं आणि ते कसलं वाक्य आहे ते लगेच कळलं.

मी विचारलं, "तिकडे तो कुठे होता तेव्हा?"

त्यांनी उकळत्या चहाचा घोट घेतला.

"बाबा, काउंटरपासून ते दार दहा पावलांवर आहे. तो कुठे होता?"

"एक सूट पोचवायला गेला होता."

"कुणी पाठवलं?"

"मी."

"मग स्टुलावर कोण बसणार होतं?"

त्यांच्या हातातल्या कपातला चहा उकळायचा थांबला. मी बघत होते, बुडबुडे एकेक करून विझले. मग म्हणाले, "एक बाई डागावरून भांडत होती. आम्हीच पाडला म्हणत होती. ठोके आले, तर मी त्या बाईला सोडून कसा जाऊ, मला वाटलं..." आणि पुढचं दोघांनीही एकदमच म्हटलं. एक मिनिट.

नंतर त्यांनी तिकडच्या तुझ्याबद्दल सांगितलं. तो तिशीत गेला, परक्या गावात, भाड्याच्या खोलीत. राखणदार मागावर आहे हे त्याला ठाऊक होतं. दार उघडं ठेवून बसायचा म्हणे. बाबा पोचले तेव्हा दार उघडंच होतं, आणि तो आधीच गेलेला. ते सांगताना त्यांनी तुझा स्वेटर फळीवरून काढून हातात धरला होता, आणि कॉलरवरची पट्टी नखानं उसवून काढली. मला परत दिली. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग मला रडू आलं, त्यांच्यासमोरच.

ते उठले. कोट घेतला नाही. मागच्या खोलीच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "कडी लाव. बाहेर बस."

"तुमच्यापुढे कडी टिकत नाही."

"लावून तर बघ."

ते आत गेले. मी दार लोटलं, कडी लावली. टिकली. मी तुझं स्टूल आणलं, अजून तेच आहे, एक पाय आखूड, आणि बसले. साडेतीन वाजले होते. काउंटरवरची घंटा चार वेळा वाजली. एका गिऱ्हाइकानं शिव्या घातल्या, एक बाई आत डोकावून "अहो, कुणी आहे का?" म्हणून गेली. मी उठले नाही. लघवीला लागली तरी उठले नाही. आत कपडे हलल्याचा आवाज येत होता, पेट्रोलचा वास येत होता, मग वास कमी झाला. सहाला दहा मिनिटं असताना पहिला ठोका पडला. दुसरा पडायच्या आत मी कडी काढली.

आत कुणी नव्हतं. न नेलेले कपडे एका ओळीत टांगलेले, बाह्या आत घडी घालून. मी ते असे कधी टांगत नाही. वास मुळीच नव्हता. नंतर गल्लीत येऊन बघितलं, सगळ्या कड्या जागच्या जागी. पोपट पिंजऱ्यात परतला होता.

पेट्रोलवाल्याचा आणि बंबवाल्या काकांचा जीव परत आलेला नाही. तेही माझ्या वाट्याला धरते. ठोके ऐकूनही मी बेकरीपाशी पळाले होते.

आधीच्या पत्रांत खोटं लिहिलंय तिथे मी खाडाखोड केलेली नाही. तुझ्याकडेच राहू देत. ह्या पत्राची एक प्रत चष्मेवाल्याकडे देतेय, एक आईच्या बहिणीला पाठवतेय. त्या दिवशी दाराशी कोण होतं ते सगळ्यांना कळू दे. कोट मी ठेवून घेतलाय. बाहीच्या राहिलेल्या टाक्यांपुरता धागा त्याच्या दुमडीत उरला होता, तो काढून तुझं कोपर केलं. राखाडी स्वेटरवर तपकिरी रफू. रंग जुळत नाही. आयुष्यभर जोड दिसू नये म्हणून डोळे फोडले, हा मात्र दिसतोय. दिसू दे.

ह्या वेळी स्वेटर पार्सलनं पाठवत नाहीये. इथेच ठेवलाय, कॉलरला पट्टी नाही. थंडी वाढायच्या आत न्यायला ये. मी रोज दुपारी स्टुलावर बसलेली असते. एकदाच ठोकलंस तरी पुरे.

— ताई